आधी जहाज, मग विनोद : अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यंगचित्रांतील चावट दर्यावर्दी श्लेष वाचण्यासाठी मार्गदर्शन

जेम्स गिलरे या चित्रकाराचे १७९१ सालचे एक छापचित्र मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला त्यात तडा गेलेले एक प्रचंड भांडे आणि त्या फटीत डोके खुपसणारा एक माणूस एवढेच दिसले. चित्रात जहाज नव्हते, समुद्र नव्हता, आणि तरीही चित्राचे नाव जहाजावरच्या एका जागेचे होते. त्या नावाचा अर्थ लावण्यात माझे कित्येक आठवडे गेले, कारण मी प्रत्येक वेळी विनोदाकडून जहाजाकडे जात होतो. वाट उलटी आहे हे कळल्यावर त्या काळातील अशी अनेक चित्रे भराभर उलगडू लागली. इंग्रजी वाङ्मय, इतिहास किंवा चित्रकला यांपैकी कोणत्याही वाटेने या चित्रांपाशी येणाऱ्या मराठी वाचकाला तोच वेळ पुन्हा घालवावा लागू नये, यासाठी हा लेख लिहिला आहे.

या चित्रांत ग्राम्य विनोद आहे आणि तो झाकून ठेवून त्यांचा अभ्यास होत नाही. शरीराचे अवयव, संभोग, मलमूत्र आणि गुप्तरोग यांचे उल्लेख पुढे जिथे आवश्यक आहेत तिथे सरळ शब्दांत येतील.

लागणारी साधने

• चित्राची मोठी, स्पष्ट प्रतिमा. लंडनचे ब्रिटिश म्युझियम, ग्रिनिचचे सागरी संग्रहालय, अमेरिकेत येल विद्यापीठाचे लुइस वॉलपोल ग्रंथालय आणि वॉशिंग्टनचे लायब्ररी ऑफ काँग्रेस यांचे संग्रह घरबसल्या विनामूल्य पाहता येतात.
• ब्रिटिश म्युझियमची राजकीय आणि व्यक्तिगत व्यंगचित्रांची सूची. हे काम एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक जॉर्ज स्टीफन्स यांनी सुरू केले. पुढचे खंड डोरोथी जॉर्ज या विदुषीने १९३५ ते १९५४ या काळात सिद्ध केले, आणि सूचीतील नोंदी सतरा हजारांच्या वर गेल्या आहेत.
• फ्रान्सिस ग्रोस याचा गावरान आणि चोरट्या बोलीचा कोश, पहिली आवृत्ती १७८५.
• विल्यम फॉल्कनर याचा नौकानयनाचा कोश, १७६९.
• तीन रकाने आखलेली वही : पहिल्यात जहाजावरचा अर्थ, दुसऱ्यात गल्लीतला अर्थ, तिसऱ्यात माणसाचे नाव.

फॉल्कनर हा स्वतः दर्यावर्दी होता. कोश प्रसिद्ध झाला त्याच वर्षी तो 'ऑरोरा' नावाच्या जहाजावर नोकरी धरून हिंदुस्थानाकडे निघाला, आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचे केप सोडल्यानंतर त्या जहाजाचा ठावठिकाणा पुन्हा लागला नाही. त्याच्या नोंदी वाचताना मला हे नेहमी आठवते. दोराची प्रत्येक गाठ त्याने इतक्या काळजीने वर्णिली आहे की जहाज न पाहिलेल्या माणसालाही ते उभे दिसावे.

१. तळाची बारीक ओळ सर्वांत आधी वाचा

चित्राखाली अगदी बारीक अक्षरांत एक ओळ असते आणि नवखा वाचक तिच्याकडे लक्ष देत नाही. १७३५ च्या कायद्याने ताम्रपटावरून छापलेल्या चित्रांना नक्कलेपासून संरक्षण मिळाले, पण त्यासाठी पटावर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख कोरणे आवश्यक झाले. त्यामुळे पुष्कळ चित्रांवर दिवस, महिना, वर्ष आणि दुकानाचा पत्ता मिळतो. हे विनोद त्या आठवड्यातल्या बातम्यांवर उभे असल्याने तारीख मिळाली की निम्मे काम होते.

दुकानाच्या नावावरूनही बरेच कळते. हॅना हम्फ्री हिचे दुकान १७९७ पासून सेंट जेम्स स्ट्रीटवर होते आणि गिलरे त्याच घरात राहत असे. सॅम्युएल फोर्स याचे दुकान पिकॅडिलीत होते. तो व्यंगचित्रांचे गठ्ठे संध्याकाळपुरते भाड्यानेही देत असे, म्हणजे ही चित्रे जेवणानंतरच्या बैठकीत हातोहात फिरत. सेंट पॉलच्या आवारातला कॅरिंग्टन बोल्स सौम्य चवीची, खलाशी आणि बाजारबसव्या यांच्या ठरावीक प्रसंगांची चित्रे विकत असे. हम्फ्रीकडच्या चित्रात बहुधा ओळखीचा माणूस शोधावा लागतो, तर बोल्सकडच्या चित्रातला खलाशी बहुधा कोणीही खलाशी असतो.

२. अक्षरे नीट लावा

त्या काळच्या इंग्रजीत शब्दाच्या आरंभी आणि मध्ये येणारा 'एस' लांब काढत आणि तो 'एफ'सारखा दिसे. संगणकाने वाचलेल्या मजकुरात हा गोंधळ कायम राहतो, त्यामुळे साधे शब्द शिव्यांसारखे दिसतात आणि नवख्याला जिथे अश्लीलता नाही तिथे ती सापडते. मोठी प्रतिमा घेऊन प्रत्येक शब्द स्वतः उतरवून काढा. नावांतील अक्षरांच्या जागी तारका किंवा रेघा असल्या तर त्या मोजा. 'लेडी एच' आणि पुढे तारका असे दिसले, तारीख १८०० च्या आसपासची असली, तर ती बहुधा एमा हॅमिल्टन असते. बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेल्या फुग्यांतील मजकूर, भिंतीवरच्या चित्रांची नावे, जमिनीवर पडलेल्या पुस्तकांची शीर्षके हे सारे उतरवा. चावट श्लेष पुष्कळदा नेमका तिथेच असतो.

३. जहाजाचा साधा अर्थ पक्का करा

मी सर्वाधिक चुका या पायरीवर केल्या, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या. शब्द चावट आहे असा संशय आला तरी तो बाजूला ठेवा आणि जहाजावर त्याचा अर्थ काय होता तेवढेच वहीच्या पहिल्या रकान्यात लिहा.

'फ्रिगेट' म्हणजे तोफांचा एकच मुख्य मजला असलेले चपळ लढाऊ जहाज. 'फर्स्ट रेट' म्हणजे शंभर किंवा त्याहून अधिक तोफांचे सर्वांत मोठे युद्धजहाज. 'प्रायव्हेटिअर' म्हणजे सरकारी परवाना घेऊन शत्रूची जहाजे लुटणारे खाजगी गलबत. 'प्राइझ' म्हणजे पाडाव केलेले जहाज, ज्याच्या किमतीचा वाटा खलाशांनाही मिळे. 'ब्रॉडसाइड' म्हणजे जहाजाच्या एका अंगाच्या सगळ्या तोफांची एकदम झाडलेली फैर. 'यार्ड' म्हणजे डोलकाठीला आडवा बांधलेला, शीड पेलणारा वासा. 'फायरशिप' म्हणजे ज्वालाग्राही माल भरून, पेटवून शत्रूच्या आरमारात सोडलेले जहाज. 'डॉक' म्हणजे दुरुस्तीची गोदी. 'बमबोट' म्हणजे नांगरलेल्या जहाजांना भाजीपाला आणि किरकोळ जिन्नस विकणारी होडी.

शेवटचा शब्द घ्या. ५ नोव्हेंबर १७९३ च्या एका चित्रात गिलरेने इंग्लंडचा नकाशा राजा तिसरा जॉर्ज याच्या शरीराच्या आकारात काढला आहे, आणि हा राजा आपल्या पार्श्वभागातून फ्रान्सच्या किनाऱ्याकडच्या होड्यांवर मारा करत आहे. शीर्षकात 'बमबोट' हा शब्द आहे आणि इंग्रजीत 'बम' म्हणजे ढुंगण. बमबोट ही भाजीची होडी आहे हे माहीत नसेल, तर वाचकाला फक्त मलविसर्जन दिसते. ते माहीत असले तर आणखी एक धार दिसते : फ्रान्सने आक्रमणासाठी जमवलेल्या होड्या भाजीवाल्यांच्या होड्यांच्या लायकीच्या आहेत, असे चित्रकार म्हणतो आहे.

४. मग गल्लीतला अर्थ शोधा

आता ग्रोस उघडा. त्याच्या कोशात नटूनथटून निघालेल्या बाईला सुसज्ज शिडांची फ्रिगेट म्हटले आहे. गुप्तरोग झालेल्या वेश्येला फायरशिप म्हटले आहे, कारण जो तिला भिडेल तो जळेल. 'डॉकमध्ये जाणे' म्हणजे गुप्तरोगावर पाऱ्याचे उपचार घेणे, आणि हा दर्यावर्दी वाक्प्रचार असल्याचे तो स्वतः नमूद करतो. जहाजाच्या पुढे आलेल्या तिरप्या काठीचे नाव माणसाच्या नाकाला दिल्याची नोंदही त्यात आहे. 'यार्ड' या शब्दाला तर कोशाचीही गरज नव्हती, कारण लिंगासाठी तो त्या काळच्या इंग्रजीत सर्रास वापरात होता आणि वैद्यकाच्या पुस्तकांतही सापडतो. 'जॉर्डन' म्हणजे रात्री पलंगाखाली ठेवायचे मूत्रपात्र, आणि 'क्रॅक' म्हणजे तडा तसेच वेश्या.

दोन्ही रकाने भरल्यावर साधी चित्रे लगेच सुटतात. टॉमस रोलंडसन या चित्रकाराच्या एका चित्रात एक कुंटीण सजवलेल्या तरुणीला दाराबाहेर रवाना करते आणि शीर्षक आहे 'फ्रिगेटचे जलावतरण'. बोल्सच्या एका चित्राचे शीर्षक आहे 'दोन फर्स्ट रेट जहाजांनी सुखरूप बंदरात आणलेले श्रीमंत प्रायव्हेटिअर'. त्यात दोन स्त्रिया एका पैसेवाल्या खलाशाला सोबत घेऊन चालल्या आहेत. शीर्षकातला प्रत्येक शब्द आरमारी बातमीपत्रात शोभेल असा आहे. जो शिकारी म्हणून समुद्रावर फिरला, तो बंदरात स्वतःच पाडाव झाला, ही उलटापालट एकही ग्राम्य शब्द न वापरता साधली आहे. मला हे चित्र याच संयमामुळे आवडते.

५. माणूस ओळखा : क्लॅरेन्सचा ड्यूक आणि मिसेस जॉर्डन

तिसरा रकाना नावांचा. दर्यावर्दी चावटपणासाठी एक नाव आधीच लिहून ठेवा : राजा तिसऱ्या जॉर्जचा मुलगा विल्यम, म्हणजे क्लॅरेन्सचा ड्यूक, जो पुढे १८३० मध्ये चौथा विल्यम म्हणून गादीवर आला. तो तेराव्या वर्षी आरमारात गेला होता आणि व्यंगचित्रकारांनी त्याला आयुष्यभर खलाशाच्या रूपात रंगवले. १७९१ मध्ये डोरोथी जॉर्डन या लोकप्रिय नटीशी त्याचे संबंध जुळले. ते सुमारे वीस वर्षे टिकले आणि त्यांना दहा मुले झाली. तिचे आडनाव आणि मूत्रपात्राचे नाव एकच असल्याने चित्रकारांना हवे ते आयते मिळाले.

२४ ऑक्टोबर १७९१ च्या गिलरेच्या चित्राच्या शीर्षकाचा आशय असा आहे : सैतानाचे देणे, अर्थात बायकोचे रूपांतर, किंवा जॉर्डन ओलांडून विसावलेला नेपच्यून. यातला एकेक धागा वेगळा काढा. पहिला भाग एका प्रहसनाचे नाव आहे, ज्यात मिसेस जॉर्डन चांभाराच्या बायकोची भूमिका करत असे आणि ती बायको जादूने सरदारीण होते. नेपच्यून म्हणजे समुद्रदेव, अर्थात आरमारी राजपुत्र. जॉर्डन ही बायबलमधली नदी, आणि नदी चालत ओलांडण्याला इंग्रजीत 'फोर्ड' म्हणतात. ड्यूकच्या आधी मिसेस जॉर्डन ज्याच्या सोबत राहत होती आणि ज्याच्यापासून तिला मुले झाली होती, त्या गृहस्थाचे नाव रिचर्ड फोर्ड. म्हणजे एका क्रियापदात नदी, संभोग आणि आधीचा प्रियकर असे तिघे बसवले आहेत. लावणीतला श्लेष ऐकून सरावलेल्या कानाला ही कारागिरी लगेच जाणवेल. फरक एवढाच, की इथे श्लेष ऐकू येण्याआधी थिएटरची जाहिरात आणि राजघराण्याची बातमी माहीत असावी लागते.

आठ दिवसांनी, १ नोव्हेंबर १७९१ रोजी, ते तडा गेलेल्या भांड्याचे चित्र आले. शीर्षक 'लबर्स होल, उर्फ तडकलेली जॉर्डन'. आता वही उघडा. पहिला रकाना : डोलकाठीच्या मध्यावर एक लहान मंच असतो. सराईत खलाशी त्या मंचाच्या कडेला बाहेरून दोरांना उलटा लोंबकळत चढतो. जमिनीवरच्या अनाडी माणसाला, ज्याला 'लबर' म्हणत, ते धाडस होत नाही, म्हणून तो मंचाच्या मधल्या भोकातून सुखरूप वर सरकतो. ते भोक म्हणजे 'लबर्स होल'. दुसरा रकाना : भोक आणि तडा यांचा स्त्रीच्या जननेंद्रियाशी लावलेला संबंध, आणि चित्रातला तड्याचा आकार त्याबद्दल शंका ठेवत नाही. तिसरा रकाना : भांडे म्हणजे मिसेस जॉर्डन, आत शिरणारा म्हणजे ड्यूक.

इथपर्यंत आले की पुष्कळ वाचक थांबतात. मात्र पहिल्या रकान्यातला अर्थ पुन्हा वाचला तर खरा प्रहार दिसतो. जो राजपुत्र आपण हाडाचे खलाशी आहोत असे मिरवतो, तो अवघड वाटेने वर चढणारा नव्हे. तो सोप्या भोकातून शिरणारा नवशिका आहे. अश्लीलता सगळ्यांना दिसावी म्हणून पुढे ठेवली आहे आणि आरमारी अपमान तिच्या मागे आहे. जहाज आधी समजले नाही, तर तो अपमान हाती लागतच नाही.

या चित्रात मिसेस जॉर्डनला चेहरा दिलेला नाही, हेही वहीत नोंदवा. ती त्या काळातील विनोदी भूमिकांची थोर अभिनेत्री होती, आणि चित्रात तिचे एक भांडे झाले आहे. विनोदाची कारागिरी मान्य करतानाही ही गोष्ट नजरेआड करू नये असे मला मनापासून वाटते.

६. जोड्या लावून वाचा : नेल्सन, एमा आणि सर विल्यम

दुसरे नाव अॅडमिरल नेल्सन याचे, म्हणजे लढायांत एक हात आणि एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्या ब्रिटिश आरमारी सेनानीचे. राजदूत सर विल्यम हॅमिल्टन, त्यांची बरीच तरुण पत्नी एमा आणि नेल्सन हे तिघे १८०० च्या नोव्हेंबरात इंग्लंडला परतले आणि लंडनभर त्यांची चर्चा झाली. त्याच महिन्यात फोर्सने आयझॅक क्रुकशँक याचे एक चित्र विकायला ठेवले. प्रसंग लंडनच्या महापौरांच्या मेजवानीचा, आणि सगळे लांब पाइप ओढत बसले आहेत. एमा म्हणते की म्हाताऱ्याचा पाइप नेहमीच विझलेला असतो, तुमचा मात्र जोरात पेटलेला आहे. नेल्सन उत्तर देतो की मी तुला असा धूर देईन, तुझ्यात पुरी ब्रॉडसाइड ओतीन. पाइपचा अर्थ सांगण्याची गरज नाही. शीर्षकात 'अॅटिट्यूड्स' हा शब्द आहे, आणि तो एमाच्या प्रसिद्ध प्रयोगांकडे बोट दाखवतो. प्राचीन शिल्पांतील स्त्रियांच्या मुद्रा ती पाहुण्यांसमोर करून दाखवत असे आणि त्या प्रयोगांचे नाव तेच होते.

६ फेब्रुवारी १८०१ चे गिलरेचे 'डायडो, इन डिस्पेअर' अधिक गुंतागुंतीचे आहे. स्थूल एमा रात्रीच्या पोशाखात पलंगावरून उठून हात पसरून रडते आहे, खिडकीतून नेल्सनचे आरमार दूर जाताना दिसते, मागे सर विल्यम झोपलेले आहेत आणि जमिनीवर त्यांचे पुराणवस्तूंचे तुकडे पसरले आहेत. डायडो ही लॅटिन महाकाव्यातील राणी, जिला सोडून नायक जहाजाने निघून जातो. चित्राखालच्या पद्यात ती म्हणते की माझा खलाशी उरलेला हात आणि उरलेला डोळा गमवायला गेला आणि मला या जुन्या पुराणवस्तूंसोबत निजून रडायला ठेवून गेला. पुराणवस्तू म्हणजे सर विल्यम यांचा संग्रह, आणि सर विल्यम स्वतः. आदल्याच महिन्याच्या अखेरीस एमाने नेल्सनच्या मुलीला, होरेशियाला, जन्म दिला होता आणि तो गुप्त ठेवण्यात आला होता. तिच्या शरीराच्या आकाराकडे पाहताना ही तारीख जवळ असू द्या.

पाचच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, गिलरेने याच प्रसंगाची दुसरी बाजू विकायला आणली. त्यात सर विल्यम आपल्या भंगलेल्या मूर्ती न्याहाळत आहेत आणि भिंतीवर क्लिओपात्राच्या रूपात एमा, मार्क अँटनीच्या रूपात नेल्सन आणि उद्रेक होत असलेला व्हेसुव्हियस आहे. सर विल्यम यांनी ज्वालामुखींचा खरोखर अभ्यास केला होता, त्यामुळे तो डोंगर चित्रात उघडपणे शोभतो आणि त्याचा दुसरा अर्थ प्रेक्षकावर सोपवता येतो. अशी चित्रे एकेकटी न वाचता तारखेच्या क्रमाने शेजारी ठेवून वाचा.

७. कोण हसत आहे ते विचारा

साधे चित्र साधारण सहा पेन्सला, म्हणजे अर्ध्या शिलिंगाला, आणि हाताने रंगवलेले शिलिंगाला मिळे. १७९७ पूर्वी सराईत खलाशाचा पगार महिन्याला २४ शिलिंग होता आणि तोही पुष्कळदा फार उशिरा मिळे. म्हणजे या चित्रांचा मुख्य गिऱ्हाईक खलाशी नव्हता. दुकानाच्या काचेत टांगलेली चित्रे रस्त्यावरची गर्दी फुकट पाहत असे हे खरे, पण विकत घेणारा लंडनचा सुखवस्तू माणूस होता. त्याला खलाशी हा शूर, भोळा आणि कामातुर प्राणी म्हणून पाहायला आवडे.

बंदरात खलाशांना पुष्कळदा जमिनीवर उतरू देत नसत, कारण ते पळून जातील ही भीती होती. म्हणून बायकाच होड्यांतून जहाजावर येत. गुप्तरोग झाला तर जहाजाचा वैद्य १७९५ पर्यंत उपचारासाठी १५ शिलिंग कापून घेई, म्हणजे निम्म्याहून अधिक पगार. 'फायरशिप' आणि 'डॉक' यांवर हसताना हा हिशेब शेजारी लिहा. गिलरेचेच १७८८ चे 'वाउस्की' हे चित्रही असेच शांतपणे पाहावे लागते. त्यात राजपुत्र विल्यम जहाजावरच्या झुलत्या बिछान्यात एका कृष्णवर्णी स्त्रीला मिठीत घेऊन पहुडला आहे आणि तिला दिलेले नाव एका लोकप्रिय संगीत नाटकातील पात्राचे आहे. हसण्याचा विषय राजपुत्र असला, तरी तिचा वर्ण हाच विनोदाचा आधार आहे आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजे.

८. हिंदुस्थानाशी जोडलेले एक चित्र

१६ मे १७८६ चे गिलरेचे 'अ सेल ऑफ इंग्लिश ब्यूटीज इन द ईस्ट इंडीज' मराठी वाचकाने आवर्जून पाहावे. जहाजातून आलेल्या इंग्रज स्त्रियांचा हिंदुस्थानातील बंदरावर लिलाव चालला आहे. एका स्त्रीला तराजूत घालून 'लॅक ऑफ रुपीज' लिहिलेल्या मालाशी तोलले जात आहे. मागे युरोपातून आलेल्या न खपणाऱ्या मालाचे कोठार आहे, आणि असा माल पुढच्या जहाजाने परत पाठवला जाईल अशी सूचना आहे. एका पेटीवर लंडनच्या मिसेस फिलिप्स हिचे नाव आणि 'सुप्रीम कौन्सिलच्या वापरासाठी' असा मजकूर आहे. ही बाई निरोध विकत असे, आणि सुप्रीम कौन्सिल म्हणजे कलकत्त्याचे सर्वोच्च सरकार. 'लॅक' हा आपला 'लाख'. इंग्रजीत त्याच उच्चाराचा शब्द उणीव दाखवतो, त्यामुळे लाखभर रुपये आणि रुपयांची चणचण असे दोन्ही अर्थ वाचता येतात. इथे आपल्याला कोश उघडावा लागत नाही.

९. नेहमीचे सापळे

पहिला सापळा ऐकीव व्युत्पत्तींचा आहे. इंग्रजीतील प्रत्येक चावट वाक्प्रचार जहाजावर जन्मला असे सांगणाऱ्या गोष्टी सगळीकडे पसरल्या आहेत. 'पितळी माकडाचे गोळे गळून पडतील इतकी थंडी' या वाक्प्रचारातले माकड म्हणजे जहाजावरचे तोफगोळ्यांचे तबक, ही गोष्ट त्यांपैकीच एक, आणि ती निराधार आहे. चित्राच्या तारखेच्या आधीच्या किंवा आसपासच्या छापील मजकुरात तो अर्थ सापडत नसेल, तर तो वहीत लिहू नका.

दुसरा सापळा उशिराच्या छापांचा. गिलरेचे मूळ ताम्रपट हेन्री बोन या प्रकाशकाच्या हाती आले आणि १८५१ मध्ये त्याने त्यांवरून नवे छाप काढले. ते पुष्कळदा कागदाच्या दोन्ही बाजूंना असतात. फार चावट ठरलेली चित्रे त्याने मुख्य संग्रहातून वगळून स्वतंत्रपणे काढली. म्हणून मुख्य संग्रह चाळून 'गिलरेने या विषयावर थोडेच काढले' असा निष्कर्ष काढू नका. मी तो काढला होता आणि एक पूर्ण प्रकरण पुन्हा लिहावे लागले.

तिसरा सापळा उलट्या नकलांचा. छापील चित्र पाहून जसेच्या तसे पटावर कोरले की छापताना ते आरशासारखे उलटते. आयर्लंडला १७३५ चा तो कायदा लागू नसल्याने डब्लिनमध्ये अशा नकला उघडपणे निघत. नेल्सनने उजवा हात गमावला होता. चित्रात डावी बाही रिकामी दिसली, तर समोरचा कागद नक्कल असू शकतो हे ध्यानात घेऊन मूळ चित्र शोधा.

चौथा सापळा अतिउत्साहाचा, आणि तो दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासानंतर येतो. मग प्रत्येक डोलकाठी लिंग वाटू लागते. ज्या चित्रात शीर्षक, संवाद किंवा शेजारची वस्तू दुसऱ्या अर्थाला दुजोरा देत नाही, तिथे डोलकाठीला डोलकाठीच राहू द्या.

१०. मराठीत टिपण लिहिताना

शीर्षकाचे भाषांतर एका ओळीत करण्याचा हट्ट धरू नका. मूळ शीर्षक देवनागरीत द्या, त्याखाली जहाजावरचा अर्थ, मग गल्लीतला अर्थ आणि शेवटी माणसाचे नाव असा क्रम ठेवा. जहाजाच्या भागांसाठी डोलकाठी, शीड, नाळ, सुकाणू, नांगर हे आपल्या किनाऱ्यावरचे शब्द वापरा, कारण ते जिवंत आहेत. जिथे मराठी शब्दाची खात्री नाही, तिथे ती वस्तू काय काम करते ते लिहा. अवयवांची नावे घेताना फार संस्कृतप्रचुर शब्द वापरले तर चित्राचा ग्राम्यपणा नाहीसा होतो, आणि शिवीवजा शब्द वापरले तर श्लेषातला आडपडदा फाटतो. मी टिपणात वैद्यकात चालणारा साधा शब्द वापरतो आणि संवादाच्या भाषांतरात आडून बोलणेच ठेवतो. संग्रहालयाची प्रतिमा छापायची असल्यास परवान्याच्या अटी वाचा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रतिमा व्यापारी कामासाठी मोकळ्या नाहीत, तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मुक्त केलेल्या प्रतिमा कोणत्याही कामासाठी वापरता येतात.

त्या पहिल्या चित्राखाली आता मी असे टिपण लिहितो : 'लबर्स होल : डोलकाठीवरच्या मंचातले भोक, ज्यातून कच्चा खलाशी वर सरकतो. जॉर्डन : मूत्रपात्र, आणि नटी डोरोथी जॉर्डन. आत शिरणारा : क्लॅरेन्सचा ड्यूक विल्यम. गिलरे, १ नोव्हेंबर १७९१.'